भरदुपारी निवडलेली दुर्बीण

मित्रांनो, मला उचलण्याआधी बोटं पुसत चला. माझ्या पुढच्या भिंगावर लोणच्याच्या तेलाचा ठसा पडलाय, आणि तो तुमच्यापैकीच कोणाचा तरी आहे. मी शोभेची वस्तू नाही आणि खेळणं तर मुळीच नाही. मी बंदुकीवर बसवायची जुनी दुर्बीण आहे. हल्ली माझा मुक्काम भोपाळच्या शाहपुऱ्यात असतो, वंदनाताईंच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनी आणि तुटक्या बटणांच्या संगतीत. तुम्ही येता, मला काढता, तळ्यावरचे बगळे बघता आणि कंटाळा आला की सोफ्यावर भिरकावता. ही म्हातारी फार तिरसट आहे असं तुम्हाला वाटेल. आहेच मी तिरसट. का झाले, ते आज ऐकून घ्या.

माझा जन्म परदेशातला. ज्यांनी माझी भिंगं घासली त्यांनी मन लावून घासली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दूरची वस्तू मी बारा पट मोठी करून दाखवते. पण जेवढं मोठं दाखवावं तेवढं थोडंच दिसतं, हा माझा धर्म. भिंतीला नाक लावून भिंत पाहिलीत तर काय दिसेल? नुसता चुना. शिवाय मला ऊन लागतं, लख्ख ऊन. दिवस कलला की माझ्यात मातकट अंधाराखेरीज काही उरत नाही. मला केलंच होतं मोकळ्या माळावर, भर उजेडात वापरायला. हे मी तेव्हाही सांगितलं असतं, पण मला विचारतो कोण!

भोपाळला मी एका परदेशी इंजिनिअरबरोबर आले. गोविंदपुऱ्याजवळ सरकारी कारखाना नुकता उभा राहिला होता, यंत्रं बसवायला असे बरेच जण आले होते. त्यांची एक रीत होती. मायदेशी परतायची वेळ आली की घरातलं सगळं सामान बंगल्यापुढच्या हिरवळीवर मांडायचं आणि विकून टाकायचं. वसाहतीतली माणसं त्या दिवशी नटूनथटून यायची आणि कोणी फ्रिज, कोणी कपबश्या, कोणी पडदे घेऊन जायची. माझ्या मालकाने मला मांडलं ते माझ्या धाकट्या बहिणीशेजारी. ती बुटकी, जाड, चारच पट मोठं दाखवणारी. पण तिच्यातून अख्खं झाड दिसायचं, आणि सांज झाली तरी दिसायचं.

तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. वसाहतीतल्या काही साहेबांनी मिळून क्लब काढला होता. पुढे कायदा आला आणि ते सगळं बंद पडलं. फार उत्तम झालं. मुक्या जनावरांना लांबून मारण्यात कसली मर्दुमकी आहे हे मला कधीच समजलं नाही.

त्या क्लबातच होते नीळकंठ आगाशे आणि भालचंद्र मुळ्ये. दोघे पुण्याचे, एकाच वर्षी इथे नोकरीला लागलेले आणि समोरासमोरच्या क्वार्टरांत राहणारे. नीळकंठ खरेदी विभागात, भालचंद्र टर्बाइन बनवणाऱ्या शॉपमध्ये. पूर्वी म्हणे एका ताटात जेवायचे. मग भालचंद्रला आधी बढती मिळाली आणि नीळकंठच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. भालचंद्रही काही कमी नव्हता. येता जाता टोमणे मारल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

हिरवळीवर नीळकंठने आम्हा दोघींना हातात घेतलं. त्याला रायसेनकडच्या जंगलात नाल्यापलीकडच्या उतारावरचं मोठं सांबर मारायचं होतं, लांबून, एका गोळीत, क्लबात कोणी मारलं नसेल असं. आता जनावर त्या उतारावर उतरतं दिवेलागणीला. म्हणजे दुर्बीण घ्यायची ती दिवेलागणीला बघून. पण हा खरेदी विभागातला माणूस. आयुष्यभर त्याने टेंडरं उघडली होती. ज्याचा आकडा मोठा तो माल वरचढ, ही त्याची अक्कल. तो मला घेऊन गच्चीवर गेला आणि भरदुपारी बाराच्या उन्हात त्याने माझ्यातून कारखान्याच्या फाटकावरचं घड्याळ वाचलं. सेकंदाचा काटासुद्धा दिसला. झालं, पसंत पडले मी.

खाली भालचंद्र उभा होता. "ती चार पटीची घे," तो म्हणाला. "संध्याकाळच्या जंगलात तुला ह्या लांबडीतून शेपूटही दिसायचं नाही."

"तू घे चार पटीची," नीळकंठ म्हणाला. "तुझी झेप तेवढीच."

"नेम धरायला माझ्या बंदुकीची माशी मला पुरते. डोळे शाबूत आहेत माझे."

खरं तर नीळकंठ क्षणभर घुटमळला होता. माझ्या बहिणीकडे त्याचा हातही गेला होता. पण भालचंद्रने सुचवलेली वस्तू घ्यायची म्हणजे नाक कापून घेणं. त्याने मला घेतलं, केवळ त्या माणसाला हिणवण्यासाठी घेतलं. असल्या कारणासाठी निवडलं जाणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडेनासा झाला.

तरी सुरुवातीला माझे लाड फार झाले. रविवारी सकाळी चिंध्यांनी पुसणं, पाहुण्यांना दाखवणं, चहाबरोबर माझं कौतुक. नीळकंठची बायको कमलिनी मात्र माझ्याकडे डोळे वर करून बघत नसे. "पाहुण्यांना दाखवायचं तर बंदुकीवरून उतरवून दाखवा," ती म्हणायची. "रस्त्यावरच्या माणसांवर नळी रोखून काय बघायचं ते?" नीळकंठ हसायचा आणि नळी रोखूनच बघायचा. कित्येकदा ती समोरच्या क्वार्टरवर रोखलेली असायची. भालचंद्रची बायको सुमित्रा वाळत घातलेले कपडे काढायला आली की तिला ते दिसायचं, आणि तिने ते मनात धरून ठेवलं होतं.

थंडीत क्लबाला त्या रायसेनकडच्या जंगलाचा परवाना मिळाला. परवाना एक, जीप एक, म्हणून ह्या दोघांना एका गाडीतून जावं लागलं. अख्ख्या वाटेत एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. क्लबाचा एक नियम होता, आणि तो चांगला होता. संध्याकाळी आपल्या बंदुकीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो छोटा मणी, दिसेनासा झाला की बंदूक रिकामी करायची आणि जीपकडे चालू लागायचं. शिट्टी नाही, हाक नाही. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी ठरवायचं. साध्या बंदुकांसाठी केलेला नियम तो. माझ्यासारखीचं त्यात नाव नव्हतं.

नाल्यापलीकडच्या कड्याशी बसलेल्या भालचंद्रला माशी दिसेनाशी झाली. त्याने नियमाप्रमाणे गोळ्या काढल्या, तपकिरी लोकरी कोटाची कॉलर वर केली आणि उतारावरून तो जीपकडे निघाला. नाल्याच्या अलीकडे नीळकंठ मला डोळा लावून बसला होता. त्याला माशी कुठली दिसायची! त्याच्या बंदुकीवर तर मी होते. अजून उजेड आहे, माझ्या दुर्बिणीत दिसतंय, असं तो स्वतःशी पुटपुटत होता. काय दिसत होतं ते मला विचारा. झुडपाआड हलणारा तपकिरी लोकरीचा हातभर तुकडा, बस्स. ना डोकं, ना पाय, ना बंदूक. साधा डोळा वर उचलून बघितलं असतं तर माणसाची आकृती कळली असती. त्याने नाही बघितलं. त्याने चाप ओढला.

गोळी भालचंद्रच्या उजव्या कोपरात घुसली.

त्याची किंकाळी ऐकून नीळकंठ बंदूक टाकून धावला, नाल्यात पडला, उठला, पुन्हा धावला. जीपमध्ये भालचंद्रचं डोकं मांडीवर घेऊन तो सारखं एकच म्हणत होता, "मला सांबर वाटलं रे." भालचंद्रने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी वसाहतीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. दोघांचं वैर कोणाला ठाऊक नव्हतं? बढतीचं कारण होतं, रोखलेली नळी सुमित्राने पाहिली होती, आणि वर अशी महागडी दुर्बीण. ठाणेदार नीळकंठच्या घरी आला तेव्हा ऊन रखरखत होतं. त्याने मला गच्चीवर नेऊन डोळ्याला लावलं आणि फाटकाकडे वळवलं.

"साहब, इसमें से तो घड़ी का काँटा दिख रहा है," तो म्हणाला. "पूरा आदमी नहीं दिखा आपको?"

चूक म्हणून नोंद झाली तर नीळकंठचा परवाना जाणार होता, थोडी शिक्षा होणार होती. पण मुद्दाम मारली असं ठरलं तर तुरुंग, नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि कमलिनी लहानग्या वंदनाला, म्हणजे तुमच्या ह्या वंदनाताईंना, घेऊन रस्त्यावर. सगळं आता भालचंद्रच्या जबानीवर होतं. मी ओरडून सांगितलं असतं की ह्याला माणूस दिसला नव्हता, मी दाखवलाच नव्हता. ज्याचा मला इतका तिटकारा, त्याच्या निर्दोषपणाची साक्षीदार एकटी मी, आणि मला वाचा नाही. तुम्हाला सांगते, असा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

डॉक्टरांनी जबानीला परवानगी दिली ती संध्याकाळी. ठाणेदार मला पिशवीत घालून इस्पितळात आला. खाटेवर भालचंद्र, उजवा हात पार खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी सुमित्रा. दाराशी कमलिनी उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"सांगा ना," सुमित्रा नवऱ्याला म्हणाली. "मुद्दाम मारली म्हणून सांगा. रोज आपल्या घरावर बंदूक रोखून बसायचा तो मेला. मी बघितलंय. उद्या हात गेला तर कोण देणार आहे भरून?"

भालचंद्र कमलिनीकडे वळला. "वहिनी, तुम्हाला काय सांगायचंय?"

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "रोखायचे ते खरं आहे. मी नको नको म्हणत होते. तुम्ही तुमचं खरं ते सांगा."

भालचंद्रच्या चेहऱ्यावर दयामाया मला तरी दिसली नाही. मग त्याने ठाणेदाराला पिशवीतून मला काढायला सांगितलं.

"इसमें से बाहर देखिए. गेट के पास नीम है. उसके नीचे क्या है?"

ठाणेदार खिडकीशी गेला. बाहेर दिवेलागण झाली होती. त्याने मला इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"पत्ते हैं, और अँधेरा है," तो म्हणाला.

"अब ऐसे ही देखिए, खाली आँख से."

ठाणेदाराने मला खाली घेतलं. "अरे, ये तो अपना मिश्रा खड़ा है," तो म्हणाला. त्याचाच शिपाई होता तो, खाकी कपड्यांत, झाडाला टेकून विडी ओढत उभा.

"मैंने इसको ख़रीदते वक़्त बोला था. नहीं माना," भालचंद्र म्हणाला. "लिखिए. आगाशे बेवकूफ़ है, क़ातिल नहीं है."

सुमित्राने पदर तोंडाला लावला आणि ती व्हरांड्यात निघून गेली. ठाणेदाराने लिहून घेतलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे सही जमेना. एवढ्या मोठ्या इंजिनिअरने त्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. ठाणेदाराने मला कमलिनीपुढे धरलं, तर तिने हात मागे घेतले. म्हणून मी खाटेजवळच्या स्टुलावरच राहिले.

सकाळी तिने नवऱ्याला आभार मानायला धाडलं. धाडलं कसलं, दारापर्यंत ढकलत आणलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, आणि मला वाटलं की आता तरी हा माणूस वाकेल.

"ठाणेदारासमोर बेवकूफ म्हणालास मला," नीळकंठ म्हणाला.

"म्हणालो."

"वसाहतभर झालंय. माझ्या हाताखालचे लोक मागे हसतात."

भालचंद्रने डाव्या हाताने प्लास्टर सावरलं. "नीळकंठ, जबानीआधी सुमित्राने दिवसभर मला दुसरा शब्द पढवला होता, कातिल. जिभेवर आला होता तो. तुला बघून आत्ता पुन्हा येतोय. तू जा."

नीळकंठ मला उचलून तरातरा निघून गेला. घरी येऊन मला ट्रंकेत आदळलं आणि वर म्हणतो, ह्या दुर्बिणीने घात केला. अपेक्षाच होती मला. पुढे दोघे निवृत्त होईपर्यंत समोरासमोर राहिले आणि एका शब्दाने बोलले नाहीत. भालचंद्रचा हात कायमचा वाकडा राहिला. दिवाळीला कमलिनी फराळाचं ताट घेऊन रस्ता ओलांडायची. सुमित्रा ते घ्यायची, पण ये बस म्हणायची नाही.

माझ्या भिंगांना आता बुरशी धरलीय, आणि मला नवी करून घ्या असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. कुठलीही वस्तू घ्याल ती ज्या वेळी लागणार त्या वेळेला पारखा, आणि कोणाची खोड मोडायला म्हणून घेऊ नका. कशावर नेम धरलाय हे नक्की कळेपर्यंत, काय वाटेल ते झालं तरी, थांबा. आणि तुमच्यावर दात धरून असलेला माणूस कधी तुमच्या बाजूने खरं बोलला, तर तो किती कडू बोलला ते मोजत बसू नका. लहानग्या वंदनाचे बाबा रोज संध्याकाळी कारखान्यातून घरी येत राहिले ते त्या एका 'बेवकूफ' शब्दामुळे, आणि मरेपर्यंत त्यांनी तो शब्द शिवी म्हणूनच सांगितला.