भाकरी मोडली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. लांब, सपाट आणि विटेसारखा वजनदार. कुसगावातल्या एका दोन खोल्यांच्या घरात कपाटावर पडून असतो. माझ्या बटणांखाली तांदळाचं पीठ अडकलं आहे. ते कसं आलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

चैतालीला पुण्याच्या कंपनीत घरून प्रोग्रॅम लिहायची नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारात तिनं मला आणलं. निवड कशी केली? आवाज ऐकून! माझ्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग आहे, दाबलं की ते टक्कन वाजतं. शिवाय रंगीत दिवे. तिचे हात माझ्यावर कसे बसतात, हे ना तिनं पाहिलं, ना मी. मी आपल्याच तोऱ्यात होतो. तिची आई चंपाबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमची चैताली कामाला बसली की गल्लीला कळतंय."

चंपाबाईंनी लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात वीस वर्षं काढली होती. गरम पाक ओट्यावर ओतायचा आणि गार व्हायच्या आत जड लाटण्यानं लाटायचा. पुढे ते काम सुटलं. का सुटलं, हे घरात कुणी विचारलं नाही. एकदा त्यांच्या हातून भाकरी मोडली, तेव्हा चैताली माझ्यावर बोटं चालवता चालवता हसली होती. "आई, लक्ष कुठंय तुझं?" माझी टकटकही थांबली नाही. त्यानंतर भाकऱ्या चैतालीच थापू लागली.

तीन वर्षं गेली. मग एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली. चैताली खोडायचं बटण फार दाबू लागली. एक ओळ लिहायची, अर्धी खोडायची, मधेच हात झटकायची. माझ्या मधल्या अक्षरांवर दोन्ही हात जवळ आणायचे, तर मनगटं बाहेरच्या बाजूला मुरडावी लागत. रोजचे नऊ नऊ तास. दुखणं मीच देत होतो, आणि मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं, पण ती बोलत नव्हती. हाताचं नाव काढलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

एका रविवारी दुपारी परातीतून उचललेली भाकरी तिच्या हातातून निसटली आणि मोडली.

"मुंग्या येत्यात का हाताला?" चंपाबाईंनी विचारलं.

"नाही गं. पीठ जुनं झालंय, विरी नाहीये त्याला."

"पीठ कालच दळून आणलंय. अंगठा आन मधली बोटं, व्हय ना? हात झटकतीस ते बघती मी. माझंबी असंच झालतं. चिक्की जाडीभरडी लाटती म्हणून काढलं मला. हाताचं बोलले न्हाई. कोण ऐकणार हुतं?"

चैतालीचे डोळे भरून आले. "आई, माझी नोकरी जाईल गं."

"आन हात गेल्यावर ऱ्हाईल व्हय?"

चंपाबाई उठल्या. त्यांनी मला टेबलाच्या कडेला सरकवलं आणि टेबलभर चाळणीनं पीठ भुरभुरलं. थोडं माझ्याही अंगावर पडलं. "खुर्चीत बस. डोळं मिट. हात आपसूक पडत्यात तसं पडू दे."

पिठात दोन पंजे उमटले. दीड वीत अंतरावर, आणि बोटं एकमेकांकडे कललेली.

"विळ्याची मूठसुदीक हात बघून बसवत्यात," चंपाबाई म्हणाल्या, "आन तू ही फळी आवाज ऐकून आणलीस."

फळी! लागलं मला. पण खोटं काय होतं त्यात?

चैतालीनं ठशांवर मोजपट्टी ठेवली आणि मोबाईलवर कीबोर्ड शोधू लागली. मधे वाकवलेला एक दिसला, पण त्यातही हात जवळच येत होते. दुसरा दोन तुकड्यांचा होता, वायरीनं जोडलेला. "ह्यो घे," चंपाबाई म्हणाल्या. "ह्येचं तुकडं पायजेल तितं ठिवता येत्याल." बटणं चैतालीनं हलकी निवडली, आवाज न करणारी.

टेबल पुसायला फडकं घेतलं आणि चैताली थांबली.

"आई, आता तू ठेव हात."

"माझं काय बघायचं आता?"

"ठेव ना. दाबून ठेव."

डावा पंजा नीट उमटला. उजव्या पंजात अंगठ्याखाली पीठ जसंच्या तसं राहिलं. तिथलं मांसच सुकलं होतं. चैताली त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली.

"तेव्हा मी हसले होते," ती म्हणाली.

चंपाबाईंनी हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. चैतालीनं कंपनीलाही सांगून टाकलं. त्यांनी महिनाभर काम कमी केलं, नोकरी राहिली. मनगटात दबलेली तिची नस हळूहळू मोकळी होते आहे. चंपाबाईंना मात्र डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं दुखणं थांबेल, गेलेली ताकद परत येईल असं नाही. फार वर्षं गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कथा सांगून शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी नाही म्हणणार. अवजार घेताना आधी आपला हात बघा. आणि घरात कुणाच्या हातून भाकरी मोडली, तर हसू नका. हातातलं काम ठेवा, उठा, आणि तो हात आपल्या हातात घेऊन बघा.