हात सरळ ठेवा

मित्रांनो, मी मनगटावर बांधायची एक पट्टी आहे, आणि माझी मुदत कधीच संपली आहे. माझ्या पोटात कागदाहून पातळ पापुद्रा आहे. तो विषारी वायू हुंगतो. त्या पापुद्र्यापासून केसासारखी बारीक चांदीची रेघ निघते आणि शिटीपर्यंत खबर नेते. वायू आला की शिटी वाजते, लाल दिवा लागतो. नाही आला तर हिरवा. एवढाच माझा संसार. गोड गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या सोन्याच्या घड्याळाला विचारा. माझी गोष्ट गोड नाही.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. तिथल्या संशोधक बाईंनी मला एका यंत्रात अडकवलं. यंत्र मला वाकवायचं, सरळ करायचं, पुन्हा वाकवायचं. माझ्या बहिणी तिथेच तडकल्या आणि कचऱ्यात गेल्या. मी टिकले. बाई म्हणाल्या, "घाम, साबण आणि वाकणं सोसून ही फार तर वर्षभर चालेल. मग बदलायची." मला विकत घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

मी चामडं कमावण्याच्या कारखान्यात आले. तिथे जमिनीखाली एक टाकी आहे. कातडी धुतलेलं पाणी तिच्यात साचतं, तळाशी गाळ बसतो, आणि गाळ ढवळला की कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा वायू उठतो. हा वायू लबाड आहे. थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की आधी माणसाचं नाक मारतो, मग माणसाला. म्हणून टाकीत उतरणाऱ्याच्या हाताला मी.

मी ज्यांच्या हाताला असायचे ते दाजी. खरं तर ते एकट्या मेहुण्याचे दाजी. हा मेहुणा टाकीच्या तोंडाशी त्यांच्या कमरेची दोरी धरून बसायचा आणि दिवसभर दाजी, दाजी करायचा. ऐकून ऐकून सगळा कारखानाच त्यांना दाजी म्हणू लागला. रात्री मी त्यांच्या घरी चार्जिंगला असायचे. सकाळी ताई, म्हणजे दाजींची बायको, मला ओल्या फडक्याने पुसायची आणि त्यांच्या मनगटावर बांधायची. माझं बक्कल एका हाताने लागत नाही.

"फार घट्ट झाली का?"

"असू दे. गाळात पडली तर साहेब मलाच गाळात घालतील."

वर्ष झालं. दुसरंही गेलं. मला कोणी बदललं नाही. शिडीचा गज धरला की मनगट वाकतं, फावडं ओढलं की पिळवटतं. एक दिवस माझी चांदीची रेघ तडकली. तुटली असती तर बरं झालं असतं, मी कायमची गप्प झाले असते आणि कोणीतरी मला फेकलं असतं. ती नुसती तडकली. हात सरळ असला की तिची टोकं एकमेकांना टेकायची, मनगट वाकलं की सुटायची. सुटली की खबर शिटीपर्यंत पोचायची नाही. आणि मला घडवणाऱ्यांनी शिकवून ठेवलं होतं, खबर नाही म्हणजे धोका नाही. हिरवा दिवा.

रोज सकाळी सुपरवायझर सगळ्यांना रांगेत उभं करायचा. "हात सरळ ठेवा." शाळेत नखं दाखवावीत तसे हात पुढे यायचे. तो छोट्या डब्यातून चाचणीचा वायू फुस्सकन सोडायचा. मी वाजायचे.

"ठणठणीत. पुढचा."

त्या शाबासकीची मला लाज वाटायची.

एकदा काम अर्ध्यावर टाकून दाजी भेलकांडत वर आले. टाकीच्या तोंडाशी पालथे पडले, हात आपोआप सरळ झाला, आणि मी तेव्हा कुठे वाजले.

मेहुणा हसला. "दाजी, ही अगदी आमच्या ताईसारखी. गरज असते तेव्हा गप्प, आणि जरा आडवं झालं की कटकट."

दाजी हसले नाहीत. सुपरवायझरकडे जाऊन म्हणाले, "ही उशिरा बोलते. दुसरी द्या."

"हात सरळ कर." फुस्स. मी वाजले. "बघ. पट्टी चांगली आहे, तुझाच दम संपलाय. झेपत नसेल तर सांग, तुझा मेहुणा उतरेल."

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याच्या घरी नुकताच पाळणा हलला होता.

"नको," दाजी म्हणाले. "मीच उतरतो."

ते उतरले. फावडं घातलं, गाळ फुटला, वायू उठला. माझ्या पापुद्र्याला तो लगेच कळला. मी आतल्या आत किंचाळत होते, मित्रांनो, आणि बाहेर हिरवा दिवा शांत जळत होता. दाजींनी त्या दिव्याकडे पाहिलं. हिरवा आहे म्हणून पुन्हा फावडं मारलं. मग त्यांचे गुडघे गेले. त्यांनी शिडीचा गज पकडला, आणि मनगट वाकलेलंच राहिलं.

वर मेहुणा पंपवाल्याशी गप्पा मारत होता. शिटी नाही, म्हणजे सगळं ठीक. दोरी बराच वेळ हललेली नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ओढून काढण्यासारखं फक्त शरीर उरलं होतं.

चौकशी झाली. साहेबांच्या टेबलावर मला सपाट ठेवलं. फुस्स. मी वाजले. न वाजण्याची मुभा मला तिथे नव्हती.

साहेब मेहुण्याला म्हणाले, "पट्टी तर वाजते. मग दोनच गोष्टी. वाजली आणि गप्पांच्या नादात तू ऐकली नाहीस, किंवा वाजली आणि त्याने मनावर घेतलं नाही. यातली कुठली?"

तिसरी गोष्ट मेहुण्याला माहीत होती. ती त्याच्या ओठांपर्यंत आली. पण नोकरी समोर खुर्चीत बसली होती, आणि घरी पाळणा होता.

"वाजली, साहेब," तो म्हणाला. "दाजींनीच ऐकलं नाही."

चूक मेलेल्याची ठरली की जिवंतांना छान झोप लागते.

टाकी मात्र भरतच राहते. काही दिवसांनी सुपरवायझरने मला मेहुण्यापुढे धरलं. "आता तू उतरायचंस."

"दुसरी पट्टी मिळाली असती तर..."

"हिला काय झालं? तूच म्हणालास ना, वाजली म्हणून."

मेहुण्याने हात पुढे करून मला घेतलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगते, मला जपू नका. माझे दिवस भरले की मला फेका. आणि तोवर मला जशी राबवता तशीच तपासा, वाकवून, पिळून, घामात भिजवून. टेबलावर शहाण्यासारखी वागणारी वस्तू टाकीतही तशीच वागेल असं समजणारा एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याला स्वतःला टाकीत उतरायचं नसतं.

आज सकाळी ताईने मला पुसलं आणि भावाच्या मनगटावर बांधलं. बक्कल लावताना म्हणाली, "शिटी वाजली की हातातलं टाकून वर ये रे. ह्यांनी नाही ऐकलं. तू तरी ऐक."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "ऐकेन, ताई."

आता रांग लागली आहे. त्याचा हात सरळ आहे. फुस्स.

मी वाजले.

"ठणठणीत. पुढचा."