रिकामी गल्ली

बुऱ्हाणपूरच्या नव्या कंट्रोल रूममध्ये नोकरी लागली, तेव्हा अलकाने अख्ख्या राजपुऱ्यात पेढे वाटले होते. भिंतभर पडद्यावर सारं शहर दिसे. कुठे माणसं जास्त, कुठे कमी, ते कॅमेरे मोजत आणि त्याप्रमाणे दिवे, पाणी, कचरागाडी यांचं ठरे.

उन्हाळ्यात तिच्याच गल्लीचे दिवे मंदावले. मग कचरागाडी यायची बंद झाली, नळाची वेळ निम्मी झाली. अलकाने पडद्यावर पाहिलं. राजपुऱ्यातली तिची गल्ली राखाडी दिसत होती. म्हणजे निर्जन.

"साहेब, तिथे माणसं राहतात," ती योगेंद्र साहेबांना म्हणाली. "म्हातारी माणसं आहेत. उन्हाची बाहेर निघत नाहीत, एवढंच."

"मॅडम, कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे ना," साहेब मोबाईलमधून मान न काढता म्हणाले. "सिस्टम आहे, अपने हाथ में थोडी है."

पाण्याच्या त्रासाने दोन घरं कुलूप लावून निघून गेली. गल्ली आणखी राखाडी झाली.

शेवटी अलका शेजारच्या मालूबाईंकडे गेली. "मावशी, उद्या संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर बसायचं. कॅमेऱ्यासमोर."

"फोटो काढायचा आहे का वं?" मालूबाई हसल्या. पण त्यांनीच दारोदार फिरून सगळ्यांना गोळा केलं. खाटा आल्या, खुर्च्या आल्या, कुणी चहा केला. बऱ्याच दिवसांनी गल्लीत गलका झाला.

ड्यूटीवरची अलका पडद्याकडे डोळे लावून बसली होती. राखाडी रंग गेला, हिरवा आला. तिच्या तोंडून सुस्कारा निघतो न निघतो तोच हिरव्याचा लाल झाला. विनापरवानगी जमाव.

पोलिसांची गाडी पोहोचायला वेळ लागला नाही. पडद्यावर आवाज येत नव्हता. कुणी जमवलं, असं पोलीस हात उगारून विचारताना दिसले. खुर्च्या उलटल्या. मग मालूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांना गाडीत बसवलं.

ठाण्यातून त्या उशिरा सुटल्या. दुसऱ्या दिवशी अलका भेटायला गेली तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "मी तुझं नाव नाही घेतलं पोरी," त्या कुजबुजल्या, "पण आता तू येत नको जाऊ. ते बघतं."

त्यानंतर गल्लीत कुणी ओट्यावरही बसेना.

आठवड्याने अलकाच्या समोर एक चौकट उघडली: राजपुरा, निर्जन भाग, पाणी बंद करण्यास मंजुरी द्या. तिने बटणावरचा हात मागे घेतला. "साहेब, मी नाही देणार मंजुरी."

"नका देऊ," योगेंद्र साहेब शांतपणे म्हणाले. "थोड्या वेळाने ते आपोआपच होतं."

अलका जिन्याकडे धावली आणि तिने मालूबाईंना फोन लावला. "मावशी, घरात असतील तेवढी भांडी भरून घ्या. सगळ्यांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

"नळ तर केव्हाचा गेला," पलीकडून मालूबाई म्हणाल्या.