खोडलेला बिंदू

पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर सुग्रीवने सकाळपासून चौथ्यांदा लॅपटॉप उघडला. पुण्याहून उत्तर नव्हतं.

नेकनूरजवळच्या त्याच्या गावात तो दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ मशीनवर दुधाचं फॅट मोजायचा. मधल्या वेळात एमएस्सीच्या पुण्यातल्या सरांचं काम. परदेशातली एक दुर्बीण दर दोन-तीन रात्रींनी आकाश टिपायची आणि ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे सगळ्यांसाठी खुले करायची. त्यातून अचानक उजळलेलं काही हुडकायचं. काल त्याला एका दीर्घिकेच्या कडेला तीन रात्रींत दहापट उजळलेला ठिपका सापडला. ‘ताऱ्याचा स्फोट,’ असं त्याने कळवलं. मोठ्या दुर्बिणीवर सरांना आज एकच तास होता आणि तो कशावर लावायचा, हे संध्याकाळी सहाला ठरणार होतं. सुग्रीवचा ठिपका निवडला गेला, तर शोधावर त्याचं नाव लागणार होतं.

साडेपाच झाले. दुष्काळाने संस्थेतली दूध घालणाऱ्यांची रांग निम्मी झाली होती, तरी ती सरकेना. साखराबाईंच्या दुधाचं फॅट लागलं नऊ पॉइंट चार. रोजचं साडेसहा.

“मशीन फिरलं,” सचिव भगवानराव म्हणाले. “खोड बे ते. कालचं लिही.”

सुग्रीवने पेन उचललं. एकटाच उडालेला आकडा तो नेहमी खोडायचा.

“कावून खोडतो?” साखराबाई तडकल्या. “दूध आजचं अन् आकडा कालचा? परत लाव.”

“मावशी, टाइम न्हाई. सहाला काम हाय.”

“साखरपुडा हाय का तुझा सहाला?”

रांग खदखदली. सुग्रीवने दुसरा नमुना लावला. नऊ पॉइंट तीन.

“कालपासनं चाराच न्हाई, तर म्हैस आज पाच लिटरवरून दीडवर आली,” साखराबाई म्हणाल्या. “थोडं देती, पर घट्ट देती.”

सुग्रीवचा हात थांबला. त्या ठिपक्याच्या आलेखातूनही त्याने एक बिंदू चूक समजून खोडला होता. दोन वर्षांपूर्वीचा, सपाट रेषेवर एकटाच उंच. दुर्बीण त्याच रात्री अर्ध्या तासाने दुसऱ्या फिल्टरमधून तीच जागा पुन्हा मोजायची. तो तक्ता लॅपटॉपमध्ये उतरवलेला होता, पण त्याने उघडलाच नव्हता.

त्याने उघडला. तिथेही उजेड होता, तितकाच.

स्फोट झालेला तारा एकदाच उजळतो. हे पूर्वीही उजळलं होतं. बहुधा आपल्याच आकाशगंगेतली, अधूनमधून भडकणारी एखादी ताऱ्यांची जोडी, दीर्घिकेच्या समोर दिसणारी.

पावणेसहा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायची. तो पळाला.

“सर, माझा ठिपका यादीतून काढा. तो नवा नाही.”

“खात्री आहे?”

“दोन वर्षांपूर्वीही उजळलेला. दोनदा मोजलेलं आहे, सर. मीच बघितलं नव्हतं.”

“बरं. मग तास दुसऱ्याला देतो.” फोन बंद झाला.

तो परतला तेव्हा साखराबाई तिथेच उभ्या होत्या.

“लिवलं का माझं नऊ?”

त्याने लिहिलं. पुढची किटली पुढे सरकली. रांगेत अजून अकरा होत्या, आणि लॅपटॉपमध्ये या महिन्यात त्याने खोडलेले एकशे बारा बिंदू.