हुरडा, भाकरी आणि तिसरं कडवं

शीलानं लातुरात तेहतीस वर्षं नर्स म्हणून बाळंतपणं केली. आडवं आलेलं बाळ बघूनही ती कधी घाबरली नव्हती. पण बारा डिसेंबरच्या सकाळी तिनं मोबाइल तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला.

कारणही तसंच होतं. व्हॉट्सअॅपवर 'नाताळची गाणी' नावाचा एक ग्रुप होता. नांदेडच्या मनिषा मॅडमनी तो काढलेला. तीनशे बारा माणसं. कुणी पुण्याचं, कुणी दुबईचं, कुणी नुसतं गाण्याच्या नादानं आलेलं. डिसेंबर लागला की रोज एकानं आपलं सगळ्यात आवडतं नाताळचं गाणं गाऊन टाकायचं, असा तिथला नेम. अकरा दिवसांत काय काय येऊन गेलं! गिटार, व्हायोलिन, चार आवाजांत बसवलेली गाणी. आज पाळी शीलाची.

आणि शीलाचं आवडतं गाणं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिची आई गुरम्मा बिलोलीला कापूस वेचताना ते म्हणायची. दोनच कडवी. तीही शेतातल्या चालीवर.

"हे असलं कोण ऐकंल गं? तिथं लोक व्हायोलिन वाजवून राहिले," शीला शेजारच्या हुसेनबीला म्हणाली.

"मग मी डबा वाजवते," हुसेनबी म्हणाली. दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवणारी ही बाई हातातलं काम टाकून आली होती. तिनं पिठाचा रिकामा डबा उपडा करून मांडीवर घेतला. "लाजती कायको? गा!"

शीलानं डोळे मिटले आणि सुरू केलं. मेंढपाळ भाकरी घेऊन बेथलेहेमला निघतात, त्या दुसऱ्या कडव्यात आवाज मोकळा झाला. एवढ्यात कुकरनं शिट्टी मारली, "गॅस बंद कर गे!" म्हणून हुसेनबी ओरडली आणि घाबरून शीलाचा रेकॉर्डिंगच्या बटणावरचा अंगठा सुटला. शिट्टीसकट, हुसेनबीसकट गाणं ग्रुपवर गेलं.

"पुसून टाक, पुसून टाक!" हुसेनबीनं घाई केली आणि शीलानं दिसेल ते बटण दाबलं. गाणं दिसेनासं झालं. सुटलो बाई, म्हणत ती भाजी आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेली.

परत येते तो मोबाइलवर एकशे सत्तेचाळीस निरोप! तिनं ते फक्त स्वतःपुरतं पुसलं होतं. बाकी सगळ्या जगानं ऐकलं होतं. दुबईच्या एका बाईनं लिहिलं होतं, "शिट्टी ऐकून माहेर आठवलं. शिट्टीसकट परत पाठवा." डबा कोण वाजवतंय, हे तर दहा जणांनी विचारलं होतं. हुसेनबीनं ते मोठ्यानं चार वेळा वाचायला लावलं.

आणि त्यात बिलोलीच्या शिवमूर्तींचा आवाज होता. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. "बाई, तुम्ही गुरम्माच्या लेक का? आमचे वडील ह्या गाण्याला ढोलकी धरायचे. तिसरं कडवं माझ्यापाशी हाय. पन तुम्ही दुसऱ्यात चुकून राहिल्या. मेंढपाळ भाकरी न्हाई, हुरडा घेऊन गेले!"

शीलाची भीती कुठल्या कुठं पळाली. तिनं फोन तोंडाशी धरला. "माझ्या आईनं भाकरीच म्हटलंय! बेथलेहेम येईस्तोर हुरडा गार व्हतो, एवढं कळत न्हाई का मेंढपाळाला?"

झालं! ग्रुपमध्ये दोन तट पडले. पुणेकर हुरड्याकडून, दुबई भाकरीकडून. जेवणखाण सोडून माणसं भांडू लागली आणि हसून हसून बेजार झाली. शिवमूर्ती तर हट्टालाच पेटले. "तिसरं कडवं फोनवर मिळनार न्हाई. समोर बसा, मग म्हनतो."

शेवटी मनिषा मॅडमनी निकाल दिला: एकवीस तारखेला, रविवारी, सगळ्यांनी नांदेडजवळ विष्णुपुरीला यायचं.

चाळीस-पंचेचाळीस माणसं जमली. शीला आणि हुसेनबी पहाटेपासून थापलेल्या भाकरींचं टोपलं घेऊन उतरल्या. शिवमूर्ती ज्वारीच्या कणसांचं पोतं घेऊन आधीच हजर. आगटी पेटवून, बाह्या सरसावून बसलेले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी मुकाट्यानं एक भाकरी उचलली, तिच्यात गरम हुरडा गुंडाळला आणि खाल्ला. मग ढोलकीवर थाप मारून गायला लागले:

"सुईण म्हणे योसेफाला, लुडबुड नको करू,
चुलीवरी पाणी ठेव, उगा नको घाबरू!"

शीला पोट धरून खालीच बसली. हेच, अगदी हेच तिनं हजार बापांना सुनावलं होतं!

"हसा, हसा," शिवमूर्ती म्हणाले. "हे तुमच्या आईनंच जोडलेलं हाय. माझ्या जन्माच्या वेळी. तुम्ही व्हायच्या आधी गल्लीतली बाळंतपणं गुरम्माच करायची आणि आमचे वडील सारखे मधी मधी करायचे."

"मग घरी कधी म्हटलं कसं न्हाई तिनं?"

"वडिलांनी हात जोडले होते. म्हणले, गुरम्मा, गावात तोंड दाखवायला जागा ठेव. घरात मात्र सवताच गुणगुणायचे."

शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हसू काही थांबेना. आईनंही बाळं झेललेली, हे तिला आज साठीला आल्यावर कळत होतं.

मग तीन कडव्यांचं गाणं झालं. दुसऱ्याला अर्ध्यांनी "भाकरी" म्हटलं, अर्ध्यांनी "हुरडा", आणि दोन्हीकडच्यांनी नरड्याच्या शिरा ताणल्या. व्हिडिओ कॉलवरची दुबईची बाई प्रत्येक ओळीला एक ओळ मागं होती, तरी थांबायचं नाव घेईना. हुसेनबीनं डबा घरून आणला होताच.

परतीच्या एसटीत दोघी मागच्या सीटवर बसल्या. लोहा गेलं, तशी हुसेनबी हळूच तिसरं कडवं गुणगुणू लागली. शीलानं पुढच्या दांडीवर ठेका धरला. अहमदपूरला कंडक्टर तिकीट द्यायचं थांबवून जवळ आला.

हुसेनबी चपापली, शीलानं दांडीवरचा हात मागं घेतला.

"का थांबल्या मावशी?" तो म्हणाला. "माझी बायको आठव्या महिन्यात हाय. ते योसेफाचं नीट एकदा म्हणा की, पाठ करून ठेवतो."