वाघ्याची उचल

मी काय येशूला बोलवायला गेले नव्हते. आमचे हे गेले, आणि तेपण आधी चहासाठी गेले. कुंभिवलीत लोक अजून म्हणतात, चिमाच्या नवऱ्याला मिशनवाल्यांनी पैसे दाखवून फितवलं. कसले पैसे न् कसलं काय! पैसे दाखवले असते तर मीच आधी फितले असते.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळायचं नाय, तेव्हा खोपोली-पनवेलची मोटार कोळशावर चालायची. मोटारीच्या पाठीला हे एवढं मोठं लोखंडी पिंप बांधलेलं. त्यात लाकडाचा कोळसा पेटवायचा आणि त्याच्या वाफाऱ्यावर म्हणं इंजिन फिरायचं. ते पिंप पेटतं ठेवायचं काम ह्यांचं. संध्याकाळी घरी यायचे ते नुसते डोळे आणि दात. मी म्हणायची, अवो, दारातच थांबा, आधी ओळख पटू द्या. पण पगार होता, वेळेवर हातात पडायचा, आणि गावातली शहाणी माणसं ह्यांना, सहदेवला, आपणहून राम राम घालायची.

मग मोटारीच्या मालकानं ह्यांच्या कानात भरवलं, कोळसापण तूच पुरव, तुला चार पैसे जास्त सुटतील. झालं. ह्यांनी खालापूरच्या शेटकडनं कर्ज काढलं आणि वर वाडीवरच्या वाघ्या कातकऱ्याला उचल दिली. उचल म्हंजे कामाच्या आधी घेतलेले पैसे. पावसात वाडीवर खायला नसतं, तेव्हा माणूस उचल घेतो, आणि पाऊस सरला की बायकोपोरांसकट जंगलात कोळशाची भट्टी लावून फेडतो. फेडतो आपलं म्हणायचं. फिटत कुणाचीच नाय, कारण जुनी संपायच्या आत पुढच्या पावसाची घेऊन झालेली असते.

लढाई संपली, पेट्रोल यायला लागलं. मालकानं पिंप सोडवून आवारात आडवं टाकलं. त्यात कोंबड्या बसायला लागल्या. ह्यांना म्हणाला, सहदेव, आता तुझं काय काम? खरंच काय काम होतं? कोळसा पेटवायची कला घेऊन माणूस जाणार कुठं? खोपोलीच्या गिरणीत गेले, कर्जतला रेल्वेत गेले, तर तिथं लष्करातनं सुटून आलेल्यांची रांग, आणि पहिला मान त्यांना. वाघ्याच्या कोळशालाही कुणी विचारीना. माझी नथ गेली, मग तांब्याची भांडी गेली. शेटचा माणूस दर बाजाराला दारात येऊन पान खाऊन थुंकून जायचा.

अशातच एका रविवारी हे कर्जतला कामाच्या शोधात गेले आणि उपाशीपोटी चक्कर येऊन रेल्वेच्या चाळीत एका पायरीवर बसले. ती पायरी मार्थाबाईंची. नगरकडची जन्माची ख्रिस्ती, विधवा, सुईणपण करायची. तिच्या पडवीत रविवारची प्रार्थना असायची. तिनं काय विचारलं नाय, भाकरी दिली, गुळाचा चहा दिला. पुढच्या रविवारी हे परत गेले. पायी. एवढी वाट तुडवून चहा प्यायला कोण जातं? पण घरात चहाची पूड नव्हती, म्हणून मीपण तोंड उघडलं नाय.

मग एक दिवस आले ते पाय न धुता चुलीपाशी बसले. डोळ्यांत काय तरी वेगळंच. म्हणाले, ती माणसं आभाळातल्या बापाकडं रोजची भाकर मागतात आणि आमचं ऋण सोड असंही मागतात. मी म्हटलं, बाप शेटला पैसे पाठवणार हाय का? तर म्हणे बाईंनी सांगितलं, तिथं ऋण म्हंजे पाप.

"मी बाईंना म्हटलं, पाप असेल तर पाप म्हणा की," हे म्हणाले. "पापाचं मला फारसं कळत नाय. ऋण मला चांगलं ठाऊक हाय."

बाई म्हणं आधी हसल्या, मग कबूल झाल्या. शब्द तर ऋणच हाय म्हणाल्या. पण त्याच्यापुढं एक अट हाय, हे मला सांगायला लागले. जशी आमी आमच्या देणेकऱ्यांची ऋणं सोडली, तशी तू आमची सोड. मी म्हटलं, आपलं देणं लागतंय तरी कोण? आणि बोलता बोलता मलाच आठवलं. ह्यांना आधीच आठवलेलं होतं. वाघ्या.

त्याच आठवड्यात शेट स्वतः आला. ओट्यावर बसला, पाणीपण प्यायला. मुंबईला नवी बांधकामं निघालीयत, म्हणाला, पनवेलच्या अंगाला माझ्या विटांच्या भट्ट्या हायत, माणसं पायजेत. वाघ्याची उचल माझ्या नावावर करून दे. तो, बायको, पोरं, सगळी भट्टीवर येतील, आणि तुझं कर्ज मी फाडून टाकतो. नायतर दिवाळी झाली की तुमी दोघं या. हसत हसत बोलला. गेला.

मी म्हटलं, द्या. लाज कशाला झाकू, मीच म्हटलं. वाडीवरची माणसं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या भट्टीवर जातातच, त्यांना सवय हाय, आपल्याला नाय. गावच्या देखत डोक्यावर विटा घेऊन जायचं माझ्यानं व्हायचं नाय. मी रडले, भांडले, ह्यांचे आईबापपण काढले. हे ऐकून घेत होते.

"चिमे," शेवटी म्हणाले, "त्याला विकल्यावर मी मागायला तोंड कुठनं आणू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ते तोंड घेऊन काय चाटायचंय? पण हे उठले आणि वाडीची वाट धरली. मी मागोमाग, पदर खोचून. अडवायलाच निघाले होते.

वाघ्या दारात बसून जाळं दुरुस्त करत होता. त्याची बायको चिंधी कडू कंद उकडत होती, आणि धाकटी बुधी नागडीच धुरात बसलेली. आमाला बघून वाघ्या उठून उभा राहिला. ह्यांनी सरळ सांगितलं, वाघ्या, तुझी उचल मी सोडली, तू माझं काय लागत नायस.

वाघ्या आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ही थट्टा नाय, तसा त्याचा चेहराच उतरला.

"माझं काय चुकलं, दादा?" त्यानं विचारलं.

चिंधी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. हे आ वासून बघत राहिले. मला मात्र कळलं, बाईला बाईचं कळतं. उचल हाय तोवर उचल देणारा त्यांना पावसात मरू देत नाय, कारण मेला तर पैसे बुडाले. उचल सोडली म्हंजे आता ती कुणाचीच नायत. येत्या पावसाला कुणाच्या दारात जायचं, एवढंच तिला दिसत होतं. ह्यांनी घाम पुसत येशूचं सांगायला घेतलं. वाघ्यानं सगळं मान डोलावून ऐकलं आणि विचारलं, हा येशू उचल देतो का? मला हसू फुटलं. खो खो हसले मी, आणि हसता हसता बुधीकडं नजर गेली तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

चार दिवस गेले नसतील, शेटच्या मुकादमाची बैलगाडी आमच्या दारावरनं गेली. वर वाघ्या, चिंधी, पोरं, एक हंडा आणि पायाला दोरी बांधलेली कोंबडी. वाघ्या आपल्या पायानं शेटकडं गेला होता आणि नवी उचल घेऊन आला होता. अंगात नवा सदरा. आमाला बघून त्यानं हात केला, चांगला खुशीत होता. मुकादम गाडी न थांबवता ओरडला, सहदेव, दिवाळी झाली की तुमाला न्यायला येतो रं.

हे घरात आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. शेवटी एवढंच बोलले, मी सोडला पण तो सुटला नाय. त्यानंतर त्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. जेवायला बसवलं तर जेवायचे, नायतर नाय. रविवार उजाडला तरी उठले नायत.

मला बरं वाटायला पायजे होतं. सुटली ती कर्जतची पायपीट, सुटली ती गावची बोलणी. पण वाटलं नाय. नोकरी गेली तेव्हा हा माणूस उठत होता, शेट थुंकून जायचा तेव्हाही उठत होता. आता उठायला ह्याच्याकडं काय उरलंच नाय, असं मला दिसलं आणि मी घाबरले. त्याच्या पुढच्या रविवारी अंधार असतानाच मी त्यांना हलवलं. उठा, म्हटलं, तुमच्या बापाचा वार हाय. मी येते बरोबर.

पडवीत सहा-सात माणसं होती. रेल्वेचा एक सांधेवाला, दोन म्हाताऱ्या, आणि कोण कोण. गाणं झालं, प्रार्थना झाली. सगळे एका सुरात बोलत होते तेव्हा मी ह्यांच्या ओठांकडं बघितलं, ते मिटलेलेच. मग मार्थाबाई एकेकाला विचारायला लागल्या, तुझ्यासाठी काय मागू? ह्यांनी नुसती मान हलवली. माझ्याकडं वळल्या. वाटभर मी ठरवून आले होते. ह्यांना काम मागायचं, कर्ज फिटू दे मागायचं, आणि झालंच तर शेटच्या नरडीला काय तरी होऊ दे म्हणायचं. सगळं जिभेवर तयार होतं.

"ती वाघ्याची बुधी अजून लहान हाय," मी म्हटलं. "तिच्या डोक्यावर विटा देऊ नकोस म्हणावं त्याला."

कुठनं आलं तोंडात कोण जाणे. मीच दचकले. बाईंनी विचारलं नाय की कोण वाघ्या, कोण बुधी. डोळे मिटले आणि माझेच शब्द जसेच्या तसे म्हटले. शेजारनं घसा खरवडल्यासारखा आवाज आला. हे आमेन म्हणाले. आणि मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडले, आणि मीपण रडले.

परत येताना वाटेत चार शब्द बोलले. काम काय मिळालं नाय. कर्ज होतं तिथंच होतं. दिवाळी झाली तशी गाडी आली आणि गावच्या देखत आमी दोघं तीत चढलो. कोण हसलं, कोण नाय, मी वर मान करून बघितलं नाय.

भट्टीवर पहिल्याच सकाळी मला बुधी दिसली. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर दोन विटा, आणि मान अशी ताठ धरलेली, पडू नयेत म्हणून. आभाळातल्या बापाला मी अशी शिवी घातली की सांगायची सोय नाय. मग तिच्याजवळ गेले. त्या दोन विटा उचलून माझ्या पाटीत टाकल्या आणि तिला म्हटलं, चल गं बाय, तू नुसती माझ्या पुढं चाल.