धाकट्याची तपासणी

सासूबाईंना मुलगे दोन. थोरला म्हणजे सुनेचा नवरा आणि धाकटा म्हणजे कुत्रा. लाड धाकट्याचे जास्त, कारण तो उलटून बोलत नसे.

गेल्या वर्षी हा धाकटा फार चेकाळला होता. गल्लीतली एक कुत्री सोडायचा नाही, पाहुण्यांच्या पायांना बिलगून नको ते करायचा. कायमचं ऑपरेशन करा म्हटल्यावर सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढी खानदानी जात, वंश बुडवू का त्याचा?" मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला. तांदळाच्या दाण्याएवढी औषधाची कांडी कातडीखाली सरकवली. अंमल असेतोवर सगळं बंद, अंमल उतरला की पूर्ववत. हळूहळू धाकट्याची गोगलगाय झाली.

वर्ष सरलं तशी सासूबाईंनी मैत्रिणीच्या कुत्रीशी सोयरीक जमवली. पिल्लं कुणाला द्यायची तेही ठरवून टाकलं. नवरी आली. धाकट्याने तिला हुंगलं, जांभई दिली आणि सोफ्याखाली जाऊन ताणून दिली. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

सुनेच्या तोंडचं ते कधीच पळालं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, आणि जाब तिला एकटीला. गोळ्या तिला, सुया तिला, आणि येत्या सोमवारी भूल देऊन दुर्बीण घालायची तीही तिच्याच पोटात. भीतीने तिची झोप उडाली होती. ह्यांनाही एकदा तपासा, असं ती म्हणाली होती. तेव्हा सासूबाई कडाडल्या, "अगं, त्याच्याकडे बघ तरी. पहिलवान आहे पहिलवान." खोटं नव्हतं ते. रोज जिममध्ये जाऊन त्याचे दंड असे फुगले होते की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला येत.

धाकट्याची तपासणी मात्र दुसऱ्याच दिवशी. थोरल्याने त्याला उचलून दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं. "सगळं तपासा," सासूबाई म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय?" धन्य आहे बाई, सून मनात म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून हातमोजे काढले. "अंडकोष अजून आक्रसलेले आहेत, शुक्राणू नाहीत. पण काळजी नको. मेंदूकडून वरचा हुकूम बंद पडला, म्हणून खालचा कारखाना बंद. हुकूम सुटला तरी माल तयार व्हायला काही महिने जातात. एखाद्याचं लवकर होतं, एखाद्याला उशीर लागतो. त्याच्यावर चिडू नका."

"चिडते कशाला," सासूबाईंनी डोळे टिपले. "बिचाऱ्याचा काय दोष त्यात."

सुनेच्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं. "डॉक्टर, माणसाने दंड फुगवायला पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतली तर? जिममध्ये देतात ती?"

थोरला भिंतीवरचा जंतांचा तक्ता मन लावून वाचू लागला.

"मी जनावरांची डॉक्टर," बाई म्हणाल्या, "पण आयतं मिळालं की शरीर स्वतः बनवणं सोडतं, हे सगळीकडे सारखंच. वरचा हुकूम तिथेही बंद पडतो. दंड फुगतात आणि बीज आटतं. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचं परत येतं, वेळ लागतो. माणसांच्या डॉक्टरांना दाखवा."

"घेतोस का रे तू?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळेच घेतात," थोरला तक्त्याला म्हणाला.

सासूबाईंनी धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बंद कर. तोवर सोमवारी हिची दुर्बीण उरकून घेऊ."

हे ऐकून सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती बोलली मात्र हळूच. "सोमवारी हे जातील." तिथेच फोन लावून तिने दुर्बीण रद्द केली आणि त्याच वेळेला नवऱ्याच्या तपासणीसाठी नाव नोंदवलं.

"अगं, पण असा नमुना द्यायचा म्हणजे," सासूबाई कळवळल्या, "किती कानकोंडं होईल त्याला. त्याला काय वाटेल, याचा जरा विचार कर."

कुणाला काय वाटेल, हा विचार त्या घरात आजवर दोघांपुरताच झाला होता, आणि त्यातला एक टेबलावर शेपूट हलवत बसला होता.

"मग तुम्ही जा ना सोबत," सून म्हणाली. "त्यांचा हात धरून बसा. धाकट्याला मी सांभाळते."